रक्तातलं कॅल्शियम : कमी झालं तर काय, जास्त झालं तर काय?

शेवंती

"कॅल्शियम नॉर्मल आलंय, म्हणजे हाडं मजबूत आहेत ना?" लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट घेताना लोक हे हमखास विचारतात. बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझं आयुष्य गेलं, आणि हा प्रश्न ऐकला की अजूनही दोन मिनिटं थांबून नीट सांगावंसं वाटतं. इथे जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं जेमतेम एक टक्का रक्तात आणि पेशींत. रिपोर्टात जो आकडा दिसतो तो या एक टक्क्याचाही एक भाग. हाडं पार ठिसूळ झाली असली तरी हा आकडा अगदी व्यवस्थित येऊ शकतो, कारण रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून हवं तेवढं काढून घेतं. हाडांची घनता पाहायची तर डेक्सा स्कॅन. रक्ताच्या कॅल्शियमचं काम वेगळं आहे.

ते काम म्हणजे नसा, स्नायू, हृदयाचे ठोके आणि रक्त गोठणं. म्हणूनच शरीर हा आकडा फार अरुंद पट्ट्यात ठेवतं: साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. साखर जेवणानंतर ४०-५० ने वर गेली तरी तब्येतीला लगेच काही होत नाही. कॅल्शियम दोनाने हललं तर माणूस आजारी पडतो.

हा ताबा चार छोट्या ग्रंथींकडे आहे. गळ्यात थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉईड ग्रंथी. रक्तातलं कॅल्शियम किंचित उतरलं की टाकीतल्या फ्लोटसारखं त्यांना लगेच कळतं आणि त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. पीटीएच तीन कामं करतं. हाडांतून कॅल्शियम सोडवतं. मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला आणि फॉस्फरस बाहेर टाकायला लावतं. आणि मूत्रपिंडातच 'ड' जीवनसत्त्वाचं शेवटचं, कामाचं रूप तयार करवतं, ज्यामुळे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषतं. आपण पुडी घेतो किंवा उन्हात बसतो तेव्हा मिळतं ते कच्चं 'ड'. ते आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलतं. मूत्रपिंड निकामी होत आलेल्यांचं कॅल्शियम का बिघडतं ते यावरून लक्षात येईल.

या ग्रंथी पहिल्यांदा सापडल्या त्या एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला गेंडा १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं. थायरॉईडला चिकटलेली छोटी पिवळसर गाठ त्यांनी नोंदवून ठेवली. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनमधल्या उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्याने १८८० मध्ये केलं. आणि त्या ग्रंथी काढल्यावर प्राण्यांचे स्नायू आखडतात ते कॅल्शियम उतरल्यामुळे, हे १९०९ मध्ये सिद्ध झालं. कॅल्शियम टोचलं की आखडलेलं अंग सुटायचं.

आता रिपोर्ट वाचायचा कसा. रक्तातलं जवळपास अर्धं कॅल्शियम मोकळं असतं आणि खरं काम तेच करतं. सुमारे ४० टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. त्यामुळे अल्ब्युमिन कमी असेल, म्हणजे लिव्हरचा आजार, कुपोषण, फार दिवसांचं आजारपण, तर एकूण कॅल्शियम कमी दिसतं पण मोकळं ठीक असू शकतं. यासाठी साधा हिशेब आहे: अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणायचं आणि कॅल्शियममध्ये मिळवायचं. कॅल्शियम ७.८ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर खरा आकडा ९ च्या घरात निघतो. शंका असेल तेव्हा आयोनाइज्ड कॅल्शियम, म्हणजे थेट मोकळं कॅल्शियमच मोजून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, लॅबच्या आतली. सीबीसीसाठी वापरतात त्या जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. रक्त घेणाऱ्याने त्या ट्यूबमधलं थोडं रक्त साध्या ट्यूबमध्ये ओतलं की कॅल्शियम ३ किंवा ४ येतं आणि पोटॅशियम १० च्या वर जातं. असे आकडे असलेला माणूस समोर चालत-बोलत असेल तर रिपोर्ट सोडायचा नाही, नवीन नमुना मागवायचा. दंडाला पट्टा खूप वेळ घट्ट बांधून ठेवला तर उलट एकूण कॅल्शियम थोडं चढतं. म्हणून एकाच रिपोर्टावरून गोळ्या सुरू करू नका किंवा घाबरून जाऊ नका. पुन्हा तपासा. पण पुन्हा तपासल्यावरही जास्तच आलं, तर मात्र 'किंचित जास्त आहे, चालतंय' म्हणून सोडून देऊ नका. माझा सगळा जीव या वाक्यात आहे. कमी कॅल्शियम माणसाला ओरडून सांगतं, मुंग्या येतात, बोटं वळतात. जास्त कॅल्शियम वर्षानुवर्षं गप्प राहून मूत्रपिंड आणि हाडं खराब करतं.

तुमचे अनुभव लिहा. प्रश्न असतील तर विचारा. औषधाचा डोस मात्र इथे कुणी कुणाला सांगू नये.

मधुमालती

शेवंतीताई, फार गरजेचा धागा. माझ्या आईचं थायरॉईड पूर्ण काढलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्याच रात्री ती म्हणाली, ओठांभोवती काहीतरी चावल्यासारखं होतंय, बोटांना मुंग्या येतायत. फोन केला तर भुलीचा परिणाम आहे, अशक्तपणा आहे, झोपू दे, असं सांगितलं. पहाटे तिचा हात वाकडा झाला. अंगठा तळव्यात, बोटं ताठ एकमेकांना चिकटलेली, मनगट खाली वळलेलं. तिला ते सरळ करता येईना. आम्हाला वाटलं लकवाच. जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गळ्यावरची ताजी जखम पाहिली आणि रक्त पाठवायच्या आधीच म्हणाले, कॅल्शियम उतरलंय. कॅल्शियम ६.१ निघालं.

निशिगंध

(एमडी मेडिसिन, विदर्भात प्रॅक्टिस) मधुमालती, त्या डॉक्टरांनी ओळखलं ते योग्यच. थायरॉईड काढताना पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का बसतो, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो किंवा एखादी सोबत निघून जाते. कॅल्शियम सगळ्यात खाली जातं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमकं पेशंट घरी पोचल्यावर. बऱ्याच जणांत काही आठवड्यांत ग्रंथी सावरतात. काहींना आयुष्यभर कॅल्शियम आणि 'ड' चं तयार रूप, कॅल्सिट्रायॉल, घ्यावं लागतं.

हाताचं जे वर्णन तुम्ही केलं, ते ट्रूसो यांनी एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलंय. बीपीचा पट्टा दंडावर बांधून वरच्या बीपीपेक्षा थोडा जास्त दाब तीन मिनिटं ठेवला की कॅल्शियम कमी असलेल्याचा हात नेमका तसाच वळतो. कानासमोर गालावर बोटाने टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडतो, ती चव्होस्टेक यांची खूण. मात्र ही दुसरी खूण कॅल्शियम चांगलं असलेल्या काही लोकांतही मिळते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबत नाही.

अशा वेळी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचं असतं, पण सावकाश, दहाएक मिनिटांत, ईसीजी लावून. घाईत ढकललं तर हृदयाचा ठोका बिघडतो. हे घरी किंवा कंपाउंडरकडून करून घ्यायचं काम मुळीच नाही.

मधुमालती

आई आता व्यवस्थित आहे. पण डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असती, 'मुंग्या आल्या तर लगेच या', तर ती रात्र टळली असती. थायरॉईडची शस्त्रक्रिया होणार असलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांनी ही ओळ स्वतः विचारून लिहून घ्या, अगदी कळकळीने सांगते.

बांधावरचा

आमच्या गोठ्यात कॅल्शियम उतरण्याचा हा आजार दर पावसाळ्यात दिसतो म्हणून लिहितोय. सांगली जिल्ह्यात संकरित गायी आहेत आमच्या. जास्त दूध देणारी, तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांत कधी कधी बसते ती उठतच नाही. कान गार, नाकपुडी कोरडी, मान एका कुशीकडे वळवून पडून राहते. रवंथ बंद. पूर्वी लोक बाहेरचं काही लागलं म्हणायचे. डॉक्टर येऊन मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवतात, एका हाताने स्टेथोस्कोप छातीवर ठेवून, अगदी हळू. बाटली संपता संपता गायीच्या अंगाला बारीक थरथर सुटते, ती ढेकर देते, शेण टाकते आणि काही वेळात उठून उभी राहते. बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

आमच्या पशुवैद्यांनी मला कारण समजावून सांगितलं. गायीच्या रक्तात एका वेळी तीनेक ग्रॅम कॅल्शियम असतं. आणि दहा लिटर चिकात वीस ग्रॅमच्या वर जातं. एवढी ओढ अचानक लागली की हाडांतून काढायची यंत्रणा लगेच धावत नाही.

आणि आम्हा शेतकऱ्यांना धडा शिकवणारी गोष्ट पुढे आहे. गाय शेवटच्या महिन्यात भाकड असताना आम्ही प्रेमापोटी कॅल्शियमच्या बाटल्या पाजत होतो, व्यायच्या वेळी कमी पडू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, नेमकं हेच करू नका. त्या काळात कॅल्शियम भरपूर मिळालं की ग्रंथी सुस्तावतात, आणि व्याल्यावर पीटीएचची गरज पडते तेव्हा त्या उठत नाहीत. आता भाकड काळात कॅल्शियम मोजून, आणि व्याल्याबरोबर भरपूर. तेव्हापासून गायी बसायचं प्रमाण बरंच खाली आलं.

शेवंती

बांधावरचा, किती छान लिहिलंत! पॅराथायरॉईडचं काम वर्गात शिकवताना हे गायीचं उदाहरण दिलं तर मुलांच्या कायमचं लक्षात राहील. वाचणाऱ्या बायकांसाठी लगेच एक खुलासा: गायीचा भाकड काळातला नियम माणसाला लावायचा नाही. बाईच्या दुधात कॅल्शियमची ओढ त्या मानाने फार थोडी असते. गरोदरपणात सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या देतात, बाळंतपणानंतरही सहा महिने. त्या घ्यायच्याच. फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका, दोन्हींचं शोषण एकमेकांत अडतं.

अनवट

सर्वांचा मान राखून थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या आजीने जन्मात कॅल्शियमची गोळी पाहिली नाही, नव्वदी गाठली, काठीशिवाय चालली. नाचणीची भाकरी, तीळ, ताक, आणि दिवसभर शेतात. आज प्रत्येक गुडघेदुखीवर गोळी आणि पुडी. हा आजार आहे की औषध विकायचा धंदा?

निशिगंध

अनवट, तुमच्या आजीचं खाणं खरंच उत्तम होतं, आकडेच सांगतो. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये याच्या जवळपासही कुणी नाही. न सोललेल्या तिळात तर १०० ग्रॅमला हजाराच्या वर. पेलाभर दुधात सुमारे २४०. मोठ्या माणसासाठी आयसीएमआरची शिफारस दिवसाला १००० मिलिग्रॅमची आहे. दोन पेले दूध-ताक, एक नाचणीची भाकरी, चमचाभर तिळाची चटणी, डाळ, पालेभाजी, आणि कोकणात काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी असेल तर गोळीशिवाय बरीच मजल गाठता येते. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्सॅलेटने बांधलेलं असतं, आतड्याला फार थोडं मिळतं.

धंद्याबद्दल तुमची काळजी मला अर्धी पटते. अर्धी अशासाठी की उन्हाच्या देशात राहूनही आपल्याकडे 'ड' ची कमतरता सर्रास आहे. आजी शेतात होत्या. त्यांची नात सकाळी नऊला ऑफिसात शिरते, अंधार पडल्यावर बाहेर येते. काचेतून आलेल्या उन्हाने 'ड' तयार होत नाही, कारण काच त्या जातीची किरणं अडवते. सावळ्या कातडीला ऊनही जास्त वेळ लागतं.

आणि धंद्याबद्दल मला जे खरंच सांगायचंय ते हे. साठ हजार युनिटची डी३ ची पुडी साधारण आठवड्यातून एक, ठरावीक आठवडे, अशी असते. माझ्याकडे आलेला एक पेशंट ती रोज घेत होता. अंग दुखत होतं, पहिल्या पुड्यांनी बरं वाटलं, मग दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळत गेली, आणि त्याआधी कुणीतरी सहा लाख युनिटचं इंजेक्शनही दिलेलं. तो आला तेव्हा पोटाचा पेशंट म्हणूनच आला. सतत उलट्या, घट्ट बद्धकोष्ठ, वजन उतरलेलं, सारखी तहान आणि सारखी लघवी. घरचे म्हणाले, विसरायलाही लागलाय. एंडोस्कोपी झालेली, पोटाचा सीटी झालेला. कॅल्शियम कुणी मोजलं नव्हतं. ते १४ च्या पुढे निघालं आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन दुप्पट झालेलं.

'ड' चरबीत साठतं, म्हणून पुडी बंद केली तरी आठवडे, कधी महिने त्याचा अंमल राहतो. भरपूर सलाईन, स्टेरॉईड, हाडांतून कॅल्शियम निघणं थांबवणारं इंजेक्शन, एवढं करून तो सावरला. मूत्रपिंड मात्र पूर्वीच्या जागी पूर्ण आलं नाही. ही पुडी टॉनिक नाही. चिठ्ठीवर किती आठवडे लिहिलंय ते वाचा आणि तिथे थांबा.

क्षयरोग चालू असलेल्यांनी तर 'ड' स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. क्षयाच्या गाठींमधल्या पेशी स्वतःच 'ड' चं कामाचं रूप बनवतात, मूत्रपिंडाचा ताबा त्यांना लागू नसतो. वरून पुडी पडली की कॅल्शियम चढतं.

अनवट

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात वाचून दाखवायला हा प्रतिसाद घेऊ का? तिथे पुड्या वाटून घेतात लोक.

निशिगंध

जरूर घ्या. आणि एक जोडून सांगा: पान खाणारे जे आजोबा दिवसभर चुना लावलेली पानं खातात आणि वर कॅल्शियमच्या गोळ्याही घेतात, त्यांनी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं. चुना म्हणजे कॅल्शियमच, आणि अल्कली. या जोडीने कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत.

ओहायोकर

इथे अमेरिकेत वार्षिक तपासणीत कॅल्शियम आपोआप मोजलं जातं, त्यामुळे माझा आजार त्रास व्हायच्या आधी सापडला. कॅल्शियम १०.९, मग ११.१. कॅल्शियम एवढं असताना पीटीएच खरं तर खाली जायला हवं होतं, पण ते जास्तच होतं. चारपैकी एका ग्रंथीत साधी गाठ झाली होती आणि ती कुणाचं ऐकत नव्हती. बिघडलेली ग्रंथी शोधणाऱ्या सेस्टामिबी स्कॅनमध्ये डावी खालची ग्रंथी दिसली. शस्त्रक्रियेत गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी टेबलावरच पीटीएच मोजतात. ते निम्म्याच्या खाली आलं की शल्यविशारद टाके घालतात, नाहीतर दुसरी ग्रंथी शोधतात. हे संप्रेरक रक्तातून काही मिनिटांतच संपतं, म्हणून ही युक्ती चालते. मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते नंतर: कित्येक दिवसांचा थकवा आणि उदासपणा, जो मी वयावर ढकलत होतो, तो ओसरला.

निशिगंध

ओहायोकर, तुमचा अनुभव आणि आपल्याकडचं चित्र यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मला तो सलतो. आपल्याकडे प्रायमरी हायपरपॅराथायरॉईडचे, म्हणजे ग्रंथीच बिघडून पीटीएच जास्त सोडते त्या आजाराचे, पेशंट अजूनही उशिरा येतात: वारंवार मूतखडे, साध्या धडपडीत मोडलेली मांडी, कधी जबड्यात किंवा नडगीत पोकळ गाठ. ती हाडाची गाठ म्हणून खरवडली जाते, पुन्हा होते, आणि गळ्यातल्या ग्रंथीकडे कुणाचं लक्षच जात नाही. कॅल्शियमची तपासणी स्वस्त आहे. पुन्हा पुन्हा मूतखडा होणाऱ्या प्रत्येकाचं कॅल्शियम एकदा तरी मोजलं गेलंच पाहिजे.

या आजाराच्या इतिहासात चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजाचा कप्तान आहे. हाडं इतकी विरघळली की त्याची उंची सात इंचांनी घटली. त्याच्या गळ्यात पुन्हा पुन्हा शोधूनही गाठ मिळाली नाही. १९३२ मध्ये, सातव्या शस्त्रक्रियेत, ती बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये छातीच्या हाडामागे सापडली. तो स्वतः वैद्यकीय ग्रंथालयात बसून आपला आजार वाचायचा आणि छातीत शोधा म्हणून त्यानेच आग्रह धरला होता, असं सांगतात. गाठ निघाल्यावर कॅल्शियम कोसळलं, मूतखड्याचा त्रास उरलेलाच होता, आणि काही आठवड्यांत तो गेला. आज गाठ काढल्यानंतर हाडं भुकेल्यासारखं कॅल्शियम ओढून घेणार हे आधीच धरून तयारी करतात.

ओहायोकर, एक विचारतो: शस्त्रक्रियेआधी २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मोजलं होतं ना?

ओहायोकर

हो, मोठा कॅन घरी दिला होता. त्याचं कारण तेव्हा समजलं नव्हतं.

निशिगंध

काही घराण्यांत जन्मतःच कॅल्शियम ओळखणारा भाग थोडा वेगळा असतो. त्यांचं रक्तातलं कॅल्शियम जन्मभर किंचित जास्त राहतं, पीटीएचही खाली जात नाही, पण लघवीत कॅल्शियम फार कमी जातं. त्यांना सहसा काही होत नाही आणि शस्त्रक्रियेचा उपयोगही नसतो. ते वगळण्यासाठी तो कॅन.

केतकी_पाध्ये

मूतखड्याचा विषय निघालाय म्हणून विचारते. नवऱ्याला कॅल्शियम ऑक्सॅलेटचा खडा होता. घरातलं दूध, दही, नाचणी सगळं बंद केलं आहे. बरोबर ना?

शेवंती

केतकी, बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सॅलेटला पकडतं आणि ते शौचावाटे निघून जातं. कॅल्शियम तोडलं की मोकळं ऑक्सॅलेट जास्त शोषलं जातं आणि लघवीत उतरतं, खडा व्हायला उलट मदत होते. दूध-दही जेवणासोबत असू द्या. पाणी भरपूर, मीठ कमी. कारण मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. लोणचं-पापड आवरा, दही नको आवरायला. आणि निशिगंध यांनी म्हटलंय तसं त्यांचं रक्तातलं कॅल्शियम एकदा बघा.

सह्यवाट

माझ्या भाच्याची गोष्ट. शाळेत असल्यापासून फिट यायच्या. फिट्सच्या गोळ्या चालू होत्या, एक बदलून दुसरी, डोस वाढवून. फिट थांबेनात. मग मोतीबिंदू निघाला, कॉलेजच्या वयात! डोळ्यांच्या डॉक्टरांना ते खटकलं. त्यांनी कॅल्शियम करायला सांगितलं. ५.४ आलं, फॉस्फरस खूप जास्त, पीटीएच जवळजवळ नाहीच. जुना मेंदूचा सीटी पुन्हा पाहिला तर दोन्ही बाजूंना आत चुन्यासारखे पांढरे ठिपके. ते पहिल्या सीटीच्या रिपोर्टातही लिहिलेले होते. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रायॉल सुरू झाल्यावर फिट थांबल्या. आता फिट्सची गोळी हळूहळू कमी करतायत.

निशिगंध

ते डोळ्यांचे डॉक्टर धन्य. कमी वयात मोतीबिंदू, फिट, मेंदूत चुन्याचे ठिपके, ही जोडी दिसली की पॅराथायरॉईडचा विचार करायचा. भाच्याच्या बाबतीत आणखी एक असणार: फेनिटॉइनसारख्या काही जुन्या फिट्सच्या गोळ्या यकृतात 'ड' लवकर संपवतात, म्हणजे कॅल्शियम आणखी खाली. ज्याला पहिल्यांदा फिट आली त्याच्या रक्तात साखर, सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाहणं हा पाठच आहे, मग वय काहीही असो. तान्ह्या बाळांत तर विशेषच. आईला 'ड' ची फार कमतरता असेल तर बाळाला फिट येऊन रुग्णालयात आणावं लागू शकतं.

मॅग्नेशियमचंही सांगून ठेवतो, कारण ते सगळेच विसरतात. मॅग्नेशियम फार कमी झालं की पॅराथायरॉईड पीटीएच सोडतच नाही. ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांत हे होऊ शकतं. मग कॅल्शियमच्या कितीही बाटल्या चढवा, आकडा वर येत नाही. मॅग्नेशियम दिल्यावर येतो.

रानजाई

मला एक शंका. माझ्या बहिणीला घाबरल्यावर अशाच मुंग्या येतात, ओठ बधिर, बोटं वळतात. कॅल्शियम मात्र नॉर्मल. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. ती खोटं बोलत नाहीये हो.

शेवंती

अजिबात खोटं बोलत नाहीये. घाबरल्यावर श्वास फार जोरात आणि भराभर होतो, कार्बन डायऑक्साईड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलीकडे झुकतं. तसं झालं की अल्ब्युमिन मोकळं कॅल्शियम जास्त पकडतं. एकूण आकडा जागच्या जागी राहतो, पण नसांना मिळणारं मोकळं कॅल्शियम त्या क्षणी खरंच कमी होतं. श्वास संथ झाला की ते परत येतं. तोंडावर पिशवी धरायचे जुने उपाय करू नका. जवळ बसा, हळू श्वास घ्यायला लावा. आणि घबराटीवर उपचार घ्या, तोही खरा आजार आहे.

हिरवी_वेल

सगळा धागा वाचून आईचे जुने रिपोर्ट काढले. वय ६८. गेल्या वर्षी कॅल्शियम १०.८, लॅबने शेजारी छोटा बाण छापलाय, आम्ही पाहिलाच नाही. अल्ब्युमिन ३.१. दोन वर्षांत दोनदा खडा झाला. बीपीच्या गोळीत थायाझाईड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, आहे. कंबर दुखते म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या ती स्वतःच आणून घेते.

शेवंती

हिरवी वेल, हिशेब करा. ४ वजा ३.१ म्हणजे ०.९, गुणिले ०.८ म्हणजे ०.७२. आईंचं खरं कॅल्शियम साडेअकराच्या घरात असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना आजच दाखवा. तपासण्या कोणत्या ते तेच ठरवतील, पण कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, पीटीएच आणि 'ड' या एकाच दिवशीच्या रक्तातून झाल्या तर अर्थ नीट लागतो. थायाझाईडने लघवीतून जाणारं कॅल्शियम अडतं, म्हणून त्या गोळीचं नाव डॉक्टरांना आवर्जून सांगा, पण बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. दुकानातून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टर बघेपर्यंत बाजूला ठेवा, आणि त्या किती दिवस घेतायत तेही सांगा.

निशिगंध

सहमत. मधल्या काळात त्यांना पाणी पुरेसं प्यायला द्या, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार म्हणून पाण्यावर बंधन नसेल तर. खूप झोपाळल्या, बरळायला लागल्या किंवा उलट्या थांबेनात तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.

हिरवी_वेल

उद्या सकाळची वेळ घेतली आहे. उपाशी न्यावं लागेल का?

शेवंती

सकाळी उपाशी नेलंत तर उत्तम, पाणी चालेल. रक्त घेणाऱ्याला सांगा, दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवू नका. कॅल्शियमची साधी ट्यूब आधी भरू दे, पीटीएचची जांभळी नंतर. रिपोर्ट आला की इथे आकडे टाका.